दुसरा आणा : दलित कामगाराचे म्हातारपण आणि बचत

१

२०१३ साली मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो. शाळेने रीतसर निरोप समारंभ केला. शाल, श्रीफळ, हार, भाषणे असे सगळे झाले. प्रमुख पाहुणे वित्तव्यवहारातले जाणकार म्हणून बोलावलेले होते. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, तुमच्या समाजाने शिक्षणात घेतलेली झेप कौतुकास्पद आहे. पण बचतीची शिस्त मात्र अजून तुमच्या लोकांच्या अंगी बाणलेली नाही. पैसा हाती आला की लग्न, बारसे, जयंती यांवर उधळायचा आणि म्हातारपणी हात पसरायचा, हे आता थांबले पाहिजे.

समोर बसलेल्या आमच्याच काही तरुणांनी माना डोलावल्या. शेवटच्या रांगेत माझी थोरली बहीण, अक्का, बसली होती. तिला तेव्हा एकसष्टावे वर्ष लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चार घरची धुणीभांडी करायला जायचे होते.

त्या व्यासपीठावरून मी उत्तर दिले नाही. सत्काराच्या दिवशी वाद कशाला, असा भ्याड विचार मी केला. परंतु गेली काही वर्षे हे वाक्य मला निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येते. ते आपले विरोधक बोलतात, आपले हितचिंतक बोलतात आणि अलीकडे आपल्यातले सुस्थित लोकही बोलू लागले आहेत. म्हणून त्याचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे. दलित श्रमिकाने म्हातारपणासाठी काय साठवले, कसे साठवले आणि ते कुठे गेले, हा तो इतिहास आहे. आपल्या चळवळीच्या इतिहासात सत्याग्रह येतात, परिषदा येतात, निवडणुका येतात. फंडाच्या स्लिपा येत नाहीत. त्या यायला हव्यात, असे मला वाटते.

२

गावगाड्यात निवृत्तीला जागाच नव्हती. महारकीचे काम एका माणसाकडे नसे, ते घराण्याकडे असे. बाप थकला की पोरगा वेशीवर उभा राही, आणि पोरगा लहान असेल तर थकलेला बापच काठी टेकत सांगावा घेऊन परगावी जाई. इंग्रज सरकारने १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून ही व्यवस्था कायद्यात पक्की केली. कामाला वेळ नाही, वेतन ठरलेले नाही. मोबदला म्हणजे वाटण्या होऊन होऊन चिंधी झालेली वतनी जमीन, बलुते आणि घरोघरची भाकरी. मागून आणलेल्या भाकरीची बचत कशी करणार? आमच्या सातारा भागात उरलेले तुकडे उन्हात वाळवून गाडग्यात ठेवत. आमच्या आजीची सारी शिल्लक ती. पावसाळ्याचे चार दिवस त्यावर निघत.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागची दृष्टी या संदर्भात लक्षात घेतली पाहिजे. वतन हा मान आहे असे समजणारे आपल्यातही पुष्कळ होते. वतन ही पिढ्यान्‌पिढ्यांची बिनपगारी बांधिलकी आहे, हे त्यांना पटवून देणे सोपे नव्हते. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

म्हातारपणी दरमहा रोख पैसा हाती येणारी आपली पहिली पिढी म्हणजे इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई. कोकणात दापोलीला अशा पेन्शनरांची वस्तीच होती. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच एक. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली आणि १८८८ साली ‘विटाळविध्वंसन’ लिहिले. पुढे १८९० नंतरच्या दशकात अस्पृश्यांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिण्यात पुढाकार घेणारेही हेच पेन्शनर होते. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. ज्याचे पोट गावच्या भाकरीवर नाही, तोच गावाला जाब विचारू शकतो.

सुभेदार रामजी सकपाळ हेही पेन्शनर. त्यांची एक आठवण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. भीमरावाला पुस्तक हवे असे; हाताशी पैसे नसत. मग सुभेदार मुलीच्या घरी जाऊन तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करीत. आपण ही आठवण पितृप्रेमाची गोष्ट म्हणून सांगतो. मी तिच्याकडे अर्थशास्त्राची गोष्ट म्हणूनही बघतो. पुढच्या महिन्यात पेन्शन नक्की येणार, म्हणून दागिना गहाण ठेवता आला. ती नसती तर तो दागिना सावकाराकडेच बुडाला असता. आणि तो दागिना मुलीचा होता, हेही विसरता कामा नये. त्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

३

मुंबईत गिरण्या सुरू झाल्या १८५० नंतरच्या दशकात. गावकी सोडून आपली माणसे तिथे आली. महिन्याला रोख पगार ही त्यांच्या दृष्टीने क्रांतीच होती. पण जात गिरणीच्या फाटकाबाहेर राहिली नव्हती. कापड विणणाऱ्या साचाखात्यात पगार चांगला होता, आणि तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. कारण असे, की कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आमची माणसे सूतखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला आणि संपाच्या मागण्यांत या अन्यायाचाही समावेश झाला पाहिजे असा आग्रह धरला. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी रेल्वेतले असेच चित्र मांडले. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो. त्याला हमालाची जागासुद्धा मिळत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो.

बचतीचा विचार करताना इथून सुरुवात केली पाहिजे. दोन कामगार एकाच गिरणीत तितकेच तास राबतात. एकाला जातीमुळे बढतीची वाट बंद आहे. तीस वर्षांनी दोघांच्या शिलकीत जो फरक पडेल, त्याला शिस्तीचा फरक म्हणायचे काय?

त्यातून पुन्हा हातात काय पडे? नोकरी लावणाऱ्या जॉबरची दस्तुरी, खाड्याची कपात, उशिराने होणारे पगार. पगार होईपर्यंत वाण्याकडे उधारी, आणि उधारी भागवायला पठाणाकडे किंवा मारवाड्याकडे कर्ज. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनचा अहवाल १९३१ साली आला. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असे त्या कमिशनला आढळले. व्याजाचा सर्रास चालणारा दर रुपयाला महिन्याला एक आणा असा होता. महिन्याला एक आणा म्हणजे वर्षाला बारा आणे, शेकडा पंचाहत्तर. हा एक आणा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

दरमहा न चुकता एवढे व्याज भरणाऱ्या माणसाला शिस्त नाही, असे कोण म्हणेल? त्याने सारा जन्म शिस्तीतच काढला. त्या शिस्तीतून शिल्लक मात्र दुसऱ्याची वाढत होती.

४

माझे वडील, आबा, १९४९ साली गिरणीत लागले. रिंगखाते. आधी बदली, मग कायम. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत एक खोली. तिच्यात आम्ही पाच जण आणि गावाकडून आलेले दोघे-तिघे कायमचे. आई गाववाल्यांची खानावळ चालवी. सात जणांच्या दोन वेळच्या भाकऱ्या ती थापायची. तिच्या बचतीचे तीन मार्ग होते. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेली पुरचुंडी, चाळीतल्या बायकांची भिशी आणि तांब्यापितळेची भांडी. भांडी ही घरातली बँक होती. अडचण आली की हंडा मारवाड्याकडे जाई आणि भिशी लागली की परत येई. आमच्या हंड्याने तो रस्ता किती वेळा तुडवला असेल याची गणती नाही.

पोस्टाची बचत बँक १८८२ सालापासून देशात होती. तरी आईचे खाते नव्हते. अर्ज लिहिता येत नव्हता, आणि खिडकीवरचा माणूस आपल्याशी कसा बोलतो हे तिला माहीत होते. भिशीची वही मात्र पाठ होती. अकरा बायकांच्या त्या भिशीत माझ्या आठवणीत एकदाही कुणी बुडवले नाही.

याच माणसांनी आणखी एक बचत केली, जी कुठल्याही खात्यात दिसत नाही. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले. चळवळीच्या वर्गणीसाठी आबा पगाराच्या दिवशी पैसे बाजूला काढीत, मग वाण्याकडे जात. पुढे मी सिद्धार्थमध्ये सकाळच्या वर्गांत शिकलो. ज्यांनी स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे दुसऱ्यांच्या पोरांच्या शाळेत घातले, त्यांच्यावर उधळपट्टीचा आरोप करताना जीभ अडखळली पाहिजे.

परंतु इतिहास लिहायचा तर आपल्या घराचीही झडती घेतली पाहिजे. त्याग केला असे आपण अभिमानाने सांगतो. तो कुणी केला? १९६५ साली अक्का सातवीत होती. आईच्या खानावळीला हात हवा होता आणि माझ्या पुढच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता. अक्काची शाळा सुटली. कुणी तिला मारले नाही, ओरडले नाही. तिला कुणी विचारलेही नाही. ती माझ्यापेक्षा हुशार होती. गणितात तर निश्चितच. आमच्या घरातली पहिली मोठी बचत म्हणजे अक्काची शाळा. सुभेदारांच्या मुलीने दिलेला दागिना पेन्शन आल्यावर परत मिळत होता. अक्काचा दागिना आम्ही परत केला नाही.

५

आता पुन्हा त्या एका आण्याकडे वळू.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. म्हातारपण, आजारपण, अपघात यांचे ओझे एकट्या कामगाराने वाहायचे की त्याच्या श्रमावर चालणाऱ्या उद्योगाने आणि राज्यानेही, हा प्रश्न त्या काळात सरकारी पातळीवर आला. कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९४४ साली रेगे समिती नेमली गेली. सामाजिक सुरक्षिततेची आखणी करता यावी हा त्यामागचा हेतू होता. त्या वेळेपर्यंत भविष्यनिर्वाह निधी सरकारी नोकरांना, रेल्वेतल्या काहींना आणि मोजक्या मालकांच्या मर्जीतल्या कामगारांना मिळत असे. पुढे संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, म्हातारपण, आजार यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क नोंदला गेला. तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयातून बजावून घेता येत नाही, ही त्याची मर्यादा. पण म्हातारपण हे नशीब नसून राज्याच्या कर्तव्याचा विषय आहे, एवढे लेखी झाले.

जगजीवनराम केंद्रात मजूरमंत्री असताना १५ नोव्हेंबर १९५१ रोजी भविष्यनिर्वाह निधीचा वटहुकूम निघाला आणि १९५२ साली त्याचा कायदा झाला. सुरुवातीला तो सहा उद्योगांना लागू झाला. कापडगिरण्या त्यांत होत्या. वर्गणीचा दर होता पगार आणि महागाईभत्ता यांवर सव्वासहा टक्के. रुपयाला बरोबर एक आणा.

सावकार महिन्याला रुपयामागे एक आणा घेई. कायद्यानेही रुपयामागे एक आणाच कापला. कामगाराच्या दृष्टीने कापणे तेच, पोटाला चिमटा तोच. फरक एवढाच, की या कायद्याने मालकाला सांगितले, कामगाराच्या आण्याशेजारी तूही तुझा एक आणा ठेव. तो दुसरा आणा हा या सगळ्या इतिहासातला कळीचा मुद्दा आहे. पहिला आणा आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या काढतच होती. कधी पठाणाला, कधी भिशीला, कधी वर्गणीला. दुसरा आणा त्यांना कुणी दिला नव्हता. आणि दोन्ही आणे ठेवायला मारवाड्याच्या दुकानापलीकडची सुरक्षित पेटी नव्हती. कायद्याने या दोन गोष्टी दिल्या आणि तेच आळशी, उधळे, व्यसनी म्हणून हिणवलेले कामगार तीस तीस वर्षे फंड साठवू लागले. शिस्त रातोरात कुठून आली? ती होतीच.

आबा फंडाची वार्षिक स्लिप बुद्धवंदनेच्या पुस्तकात ठेवीत. त्यांना आकडे लागत नसत. अक्का वाचून दाखवी. ‘फंडाला हात न्हाई लावायचा. त्यो आपला म्हातारपणाचा पोरगा हाय,’ असे ते म्हणत. मी, त्यांचा खरा पोरगा, शेजारीच बसलेला असे. मला तेव्हा त्याचा राग येई.

कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो प्रथम पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता; १९६० च्या अखेरीस ही मर्यादा वीसवर आली. सभासद व्हायला सलग नोकरीची अट होती, त्यामुळे बदली कामगार ताटकळत राही. आणि शेतमजूर, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया, ठेकेदाराकडचे झाडूवाले, म्हणजे ज्यात आपला बहुसंख्य समाज होता, ते सगळे बाहेर. धोट्याच्या भोकाशी जी रेषा जातीने आखली होती, तशीच एक रेषा आता कायम आणि हंगामी यांच्यामध्ये आखली गेली. जात तिथे लिहिलेली नव्हती, पण कुणाची माणसे कुठल्या बाजूला होती हे मोजायला गणित लागत नाही.

६

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाचे यशापयश हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मी इथे फक्त फंडाबद्दल लिहितो.

आबांची तेहतीस वर्षांची नोकरी झाली होती. संपाचे दिवस लांबत गेले. आईची खानावळ आधी थांबली, कारण जेवणारेच गावी गेले. मग हंडा गेला, तो परत आला नाही. गिरणीने आबांना पुन्हा कामावर घेतले नाही. तेव्हा त्यांनी बुद्धवंदनेच्या पुस्तकातून स्लिपांची चवड काढली आणि मला म्हणाले, ‘चल.’ १९८३ पासून १९८५ पर्यंत आम्ही चकरा मारल्या. शेवटी कळले ते असे, की संपापूर्वीच्या बऱ्याच महिन्यांची वर्गणी आबांच्या पगारातून कापली गेली होती, पण भरली गेली नव्हती. दुसरा आणा तर नव्हताच, पहिलाही नव्हता. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ सालचा. त्या रकमेसाठी आबा शेवटपर्यंत अर्ज करीत राहिले. ती मिळाली नाही.

फंडाचे जे पैसे आले त्यांतला मोठा भाग संपाच्या काळातली वाण्याची उधारी फेडण्यात गेला. आबांनी ती पैन्‌पै फेडली. ज्या माणसाला मालकाने बुडवले, त्याने वाण्याला बुडवले नाही. शिस्त कुणाला नव्हती, हे वाचकांनीच ठरवावे.

७

मी १९७९ साली शिक्षक झालो, म्हणून मला निवृत्तिवेतन आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी जुनी निश्चित निवृत्तिवेतनाची योजना बंद झाली. त्यांचे म्हातारपण बाजाराच्या चढउतारावर सोपवले गेले. तिच्यासाठी २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, तेव्हा अनेकांनी त्यांना स्वार्थी ठरवले. आरक्षणाने सरकारी नोकरीत पोचलेल्या आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हातून नेमकी ही गोष्ट निसटते आहे, याची चर्चा मात्र आपल्या नियतकालिकांत फार कमी झाली.

खालच्या थरात काय आहे? गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांसाठी १९९५ साली निवृत्तिवेतन योजना आली. आबांना तिचा उपयोग नव्हता. तिच्यातली किमान रक्कम २०१४ साली महिना १००० रुपये ठरली. एवढ्यात मुंबईत म्हातारा-म्हातारीने काय खावे? सफाईचे काम ठेकेदारांकडे गेले. मुंबई महापालिकेच्या सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला, पण त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. ते भांडण मुळात कशासाठी होते? आपण महापालिकेचे कामगार आहोत, हे सिद्ध करण्यासाठी. कारण कामगार ठरल्याशिवाय दुसरा आणा मिळत नाही. ठेका पद्धतीचे सगळे मर्म इथे आहे. ती मालकालाच अदृश्य करते; मग आणा मागायचा कुणाकडे?

आणि अक्का. चार घरांत तिने जवळजवळ तीस वर्षे काम केले. त्यांपैकी एकाही घराने तिच्या म्हातारपणासाठी एक पैसा बाजूला टाकला नाही. त्या घरांना मी कोणत्या तोंडाने बोलू? पाचवे घर माझे होते. माझ्या शिक्षणात तिचा आणा आहे, म्हणजे माझ्या निवृत्तिवेतनातही आहे. २०१३ च्या त्या समारंभानंतर मी दरमहा तिला काही रक्कम देऊ लागलो. पहिल्या महिन्यात तिने विचारले, ‘हे कशाचं?’ मी म्हटले, ‘तुझ्या शाळेचं.’ ती काही बोलली नाही. पैसे मोजून घेतले. तिचे गणित अजून पक्के आहे. चारांतली दोन घरे तिने त्या वर्षी सोडली.

पण भावाच्या पश्चात्तापावर बहिणीचे म्हातारपण अवलंबून असणे, ही काही व्यवस्था नव्हे. ते पुन्हा बलुतेच झाले. म्हणून कार्यकर्त्यांपुढे मला दोन कामे ठेवायची आहेत. पहिले असे, की आपल्या वस्तीतला जो कुणी ठेकेदाराकडे राबतो, त्याच्या पगारातून फंड कापला जातो का, कापला तर भरला जातो का, हे त्याच्याबरोबर बसून तपासा. जयंतीच्या मंडपात हे टेबल मांडता येईल. दुसरे काम विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे. घरोघरच्या ट्रंकांत अजून फंडाच्या स्लिपा, भिशीच्या वह्या, सावकाराच्या चिठ्ठ्या, पगाराची पाकिटे पडून आहेत. म्हातारी माणसे गेली की ती रद्दीत जातील. ती जमा करा, तारखा लावा, त्या त्या माणसाला विचारून सोबत चार ओळी लिहून ठेवा. उद्या पुन्हा कुणी व्यासपीठावरून आपल्याला बचत शिकवू लागला, तर हा पुरावा त्याच्यासमोर ठेवता आला पाहिजे.

आबांच्या स्लिपा माझ्याकडे आहेत. १९५३ पासूनच्या. मधल्या काही वर्षांच्या नाहीत, पण बाकीच्या आहेत. प्रत्येक स्लिपेच्या मागे अक्काने पेन्सिलीने बेरीज करून ठेवली आहे.